डायनामोचा खर्च

अक्कलकोटचा बाजार करून परतताना वळसंगच्या अलीकडं महिपतीला जळकट वास आला. आधी त्याला वाटलं, रानात कुणी बाजरीची धसकटं पेटवली असतील. पण रानं मागं पडली तरी वास गाडीबरोबर पळत राहिला. त्यानं समोरच्या फळीवरच्या काट्याकडं बघितलं. बॅटरीत वीज भरत असली की हा काटा उजवीकडं झुकलेला असायचा. आता तो डावीकडं लोळला होता.

शेजारी बसलेल्या ईश्वरप्पांनी नाकाला उपरणं लावलं. "काय जळूलालंय बे?"

"डायनामो गेला वाटतंय, मालक. बॅटरीत हाय तवर घर गाठतो. थांबलो तर पुन्हा सुरू व्हायची न्हाय."

त्यानं घर गाठलं, पण नव्या पेठेच्या तोंडाशी इंजिन खोकायला लागलं आणि कापसाच्या वखारीच्या फाटकात येऊन गाडी जी थांबली ती ढकलूनच आत घ्यावी लागली. पेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. ईश्वरप्पांची गाडी ढकलताना सोलापुरानं आजवर बघितली नव्हती.

ती गाडी साधी नव्हतीच. खाली कानडी मुलखातल्या एका छोट्या संस्थानिकानं शर्यतीच्या नादापायी ती विलायतेहून आणवली होती. नाद फिटला तशी ती विक्रीला निघाली. कापसाला भाव होता त्या साली ईश्वरप्पांनी ती उचलली. लांबलचक नाक, बॉनेटवर आवळलेला चामड्याचा पट्टा, आणि सपाट रस्ता मिळाला की तासाला सत्तर मैल. लोक म्हणत, अप्पांना म्हातारपणी शौक सुचला. शौक होता, नाही असं नाही. पण अप्पा शौकसुद्धा नफा बघून करणारे. बार्शी असो, अक्कलकोट असो, दुधनी असो, बाकीचे कापूसवाले आगगाडीनं नाहीतर सर्व्हिस मोटारीनं पोचेपर्यंत अप्पांनी कापसाच्या चांगल्या बैलगाड्या बघून सौदा ठरवलेला असे.

महिपती माढ्याकडचा. बसऱ्याच्या मोहिमेत पलटणीच्या लॉऱ्या हाकायला शिकून आला, आणि परत आल्यावर नांगराला हात लावला नाही. थोरला भाऊ त्यावरून आजही बोलत नसे. सोलापुरात तसली दुसरी गाडी नव्हती आणि ती गाडी हाकू शकेल असा दुसरा ड्रायव्हरही नव्हता, हे महिपतीला पुरतं ठाऊक होतं. पगाराहून त्याला ह्याच गोष्टीचं अप्रूप जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी साखर पेठेतून नरसय्या आला. तो एका गिरणीत विजेची कामं करी, आणि सुट्टीत गावातल्या मोटारींचं विजेचं काम बघे. त्यानं डायनामो सोडवून वखारीच्या ओट्यावर पोत्यावर उघडला. आतली तांब्याची तार कोळशासारखी झाली होती. नखानं टोकरली तर काळी भुकटी पडत होती.

नरसय्यानं सांगितलं की तार पुन्हा गुंडाळता येईल, पण टोकाच्या तांब्याच्या पट्ट्याही झिजल्यात, त्यामुळं गुंडाळलेली तार दोन महिन्यांत पुन्हा जळणार. नवाच घ्यावा लागेल. ह्या गाडीचा डायनामो मुंबईतही एखाद्याकडंच मिळणार, आणि सगळा मिळून अडीचशेच्या घरात जाणार.

ईश्वरप्पा हसले. अडीचशेत, म्हणाले, एक बैलजोडी येते आणि वर गाडाही येतो. मंदीचं ते दुसरं की तिसरं वर्ष होतं. मागच्या वर्षी घेतलेल्या गाठी वखारीत तशाच पडून होत्या. अप्पा त्या गाठींकडं बघत म्हणाले की गाडी आहे तशी विकून टाकू, मोडीत गेली तरी चालेल.

तेव्हा महिपती बोलला. पुढं आयुष्यभर त्याला आठवत राहिलं की कुणी विचारलं नसताना तो आपणहून बोलला होता.

"मालक, डायनामोबिगर बी गाडी चालंल. दुसरी एक जुनी बॅटरी घेऊ. एक गाडीत, एक नरसय्याकडं भरायला. रोज बदलायची. दिवे लावायचे न्हाईत, दिवस मावळायच्या आत माघारी यायचं. सेल्फ मारायचा न्हाय, तो लई वीज खातो. हँडलनं सुरू करू."

नरसय्यानं मान वर केली. "ही गाडी हँडलनं?" एवढंच म्हणाला.

"पलटणीत रोज मारत हुतो," महिपती म्हणाला.

अप्पांनी जुन्या बॅटरीचे काय पडतील ते विचारलं, आकडा ऐकला आणि मान डोलावली. गाडी राहिली.

पण पलटणीतली लॉरी निराळी आणि ही निराळी. ह्या इंजिनात दाब एवढा की हँडलला लटकलं तरी ते जागचं हलत नसे. शिवाय एकट्यानं भागत नव्हतं. एकानं हँडल मारायचं आणि दुसऱ्यानं स्टिअरिंगशी बसून पेट्रोल सांभाळायचं. स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध ठिणगी मागंपुढं करायची एक छोटी दांडी होती. पळताना ती वर असायची, पण हँडल मारताना ती पुरती खाली ओढावी लागे. वर राहिली तर ठिणगी वेळेआधी पडायची, इंजिन उलटं फिरायचं, आणि सगळा जोर हँडल धरणाऱ्याच्या हातावर यायचा.

ह्या कामाला धुळा मिळाला. धुळा वखारीचा राखणदार, मोहोळकडच्या एका वाडीतला धनगर. पंचेचाळिशीचा, पण मनगट असं की कापसाची गाठ एकटा कुशीवर घेई. त्याची बायको सोजरबाई आवारातच कापूस निवडायच्या कामावर होती. राखणदारानं हँडल का मारायचं, असा प्रश्न कुणालाच पडला नाही, धुळालाही नाही. महिपतीनं त्याला शिकवलं. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. आणि दांडी खाली घेतल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही.

धुळानं ते सगळं देवाच्या नेमासारखं धरलं. रोज सकाळी तो गाडीच्या नाकापुढं वाकायचा, हँडल बसवायचा आणि मान वर न करता विचारायचा, "दांडी घेतली का?" महिपती दांडी ओढून म्हणायचा, "घेतली." मग धुळा पाय रोवून हिसका द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला इंजिन गरजायचं. धुळा तोंडभर हसायचा. एवढं मोठं जनावर आपल्या हातानं जागं होतं ह्याचं त्याला नवल होतं.

असे दोन महिने गेले. अप्पा खूश होते. भेटेल त्याला सांगत की आमच्या महिपतीनं अडीचशे रुपये वाचवले. नरसय्यानं मात्र बॅटरी देता-घेता दोनदा महिपतीला बजावलं होतं की ह्या इंजिनाला रोज हँडल मारणं बरं नव्हे, कधीतरी कुणाचा तरी हात जाईल, मालकांना सांग. महिपतीनं ते मालकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी विकायचीच गोष्ट पुन्हा निघाली असती.

पौषातली सकाळ होती. मुंबईहून तार आली होती, भाव चढला होता. बाकीच्यांना कळायच्या आत बार्शी गाठायची म्हणून ईश्वरप्पा स्नान-पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओले असतानाच, घड्याळ हातात घेऊन फाटकाशी येऊन उभे राहिले.

गाडी गारठली होती. पहिल्या हिसक्याला काही नाही, दुसऱ्याला नाही. पाच झाले, सहा झाले. धुळाच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला. इंजिन एकदा फुसफुसलं आणि मेलं. महिपतीनं पेट्रोल कमी केलं, जास्त केलं. ठिणगी जरा पुढं घेतली तर पकडेल म्हणून दांडी थोडी वर सरकवून बघितली. अप्पा घड्याळाकडं बघत म्हणाले, "आज होणार आहे का उद्या?"

धुळा पुन्हा वाकला. "दांडी घेतली का?"

महिपती अप्पांकडं बघत होता.

"घेतली," तो म्हणाला.

वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. हँडल उलटं फिरून गरगरत सुटलं आणि धुळा जमिनीवर बसला. ओरडला नाही. उजवा हात त्यानं मांडीवर घेतला होता आणि त्याच्याकडं तो परक्याच्या हाताकडं बघावं तसं बघत होता. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, जिथं हात वाकत नसतो तिथं तो वाकला होता. कातडी फाडून हाडाचं टोक बाहेर आलं होतं.

निवडायच्या पडवीतून बाया धावत आल्या. सोजरबाई सगळ्यांत पुढं होती. महिपती गाडीतून खाली उतरला. पण उतरण्याआधी त्याच्या हातानं एक काम करून टाकलं. दांडी खाली ओढली. त्यानं ते ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला आणि तेवढं करून आला.

अप्पा जवळ आले. त्यांनी धुळाकडं बघितलं, मग गाडीत डोकावून बघितलं. दांडी खाली होती. "हँडलनं दगा दिला की रे," ते म्हणाले, आणि जमलेल्या लोकांनीही तेच धरलं. अप्पांनी महिपतीच्या हातात पाच रुपये ठेवले, टांगा करून घेऊन जा म्हणाले, आणि स्वतः दुसऱ्या टांग्यानं स्टेशनकडं गेले.

टांग्यात सोजरबाईनं विचारलं, कुठं न्यायचं. धुळा दातावर दात धरून म्हणाला की सरकारी दवाखान्यात नको, तिथं हात कापतात, हाडवैद्याकडं न्या. महिपतीनं पलटणीत असल्या जखमा बघितल्या होत्या. हाड बाहेर आलं की ती जखम डॉक्टरचीच, बांबूच्या कामट्यांची नव्हे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण दवाखान्यात लिहून घेतात. कसं लागलं, कुठं लागलं, कोण होतं. मग कदाचित पोलीसही येतो आणि विचारतो.

"बरं," तो म्हणाला. "धुळाबा म्हनतोय तर तिकडंच जाऊ."

हाडवैद्यानं हाड बसवलं, कसला तरी पाला कुटून घातला आणि कामट्या करकचून बांधल्या. पाचव्या दिवशी बोटं काळी पडली आणि झोपडीत वास सुटला. तेव्हा सोजरबाई कुणाला न विचारता नवऱ्याला शेजाऱ्याच्या हातगाड्यावर घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या दिवशी आणला असता तर बघता आलं असतं. हात कोपराच्या वर कापला.

अप्पांनी तिसऱ्याच दिवशी मुंबईला तार केली होती. पंधरवड्यात लाकडी खोक्यात गवत भरून डायनामो आला. नरसय्यानं तो बसवला. काटा उजवीकडं झुकला, सेल्फ मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं. नरसय्या हत्यारं गुंडाळत होता. त्यानं महिपतीकडं एकदा बघितलं आणि मजुरी घेऊन तो गेला.

त्याच दिवशी दुपारी महिपती गादीवर बसलेल्या अप्पांपुढं जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. दांडी वर होती, आपण न बघता घेतली म्हणालो, नंतर खाली ओढली. अप्पांनी हातातला कागद बाजूला ठेवला. ते गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करंड्यावरून अंगठा फिरवू लागले.

"तू मला काही सांगितलं नाहीस," ते म्हणाले, "आणि मी काही ऐकलं नाही. घड्याळ घेऊन मी उभा होतो की रे तिथं. कोर्टात कुणी विचारलं तर तुझ्या आधी माझं नाव निघंल."

महिपती म्हणाला की मग निदान धुळाला फाटकावर तरी बसू द्या, राखण एका हातानंही होते. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. धुळाला त्यांनी पन्नास रुपये दिले होते, आणि दवाखान्यात दोनदा फळंही पाठवली होती. पण रोज फाटकातून जाता-येता तो हात बघायचा, हे आपल्याच्यानं होणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर सातव्या दिवशी महिपती धुळाकडं गेला. रेल्वेच्या रुळांपलीकडं त्याची झोपडी होती. सोजरबाई गाठोडी बांधत होती. तिला वखारीतून कुणी काढलं नव्हतं, पण तीच जायची बंद झाली होती. धुळा दारात घोंगडीवर बसला होता. सदऱ्याची उजवी बाही त्यानं दुमडून टाचणीनं अडकवली होती.

महिपती उभ्या-उभ्याच बोलायला लागला. "धुळाबा, त्या दिवशी दांडी..."

"वर हुती," धुळा म्हणाला. "ठावं हाय मला."

महिपतीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हँडल हातातनं सुटलं तवाच कळलं. खाली असती तर तसं फिरलं नसतं. तूच शिकीवलंस की. आन खाली बसल्यावर तुजा हात बी बघितला मी, दांडी वढताना."

"मग बोलला का न्हाईस?"

धुळानं डाव्या हातानं मान खाजवली. "बोलून काय झालं असतं? तुजी नोकरी गेली असती. माजा हात आला असता का? म्हनलं, ह्यो आपणहून यील. दवाखान्यात वाट बघितली. हाडवैद्याकडं हुतो तवा बी बघितली. तितं तू रोज येत हुतास, पन त्यासाठी येत नव्हतास."

सोजरबाई गाठोड्यावरून उठली. ती इतका वेळ ऐकत होती. ती महिपतीसमोर येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दांडीचं जाऊ द्या. चूक मानसाकडनं हुती. टांग्यात मी तुमाला इचारलं व्हतं, कुटं न्यायचं. तुमी पलटणीतलं मानूस. तुमाला म्हाईत हुतं का न्हवतं?"

महिपतीला खोटं बोलायची सोय होती, आणि त्या बाईनं कदाचित ते मानूनही घेतलं असतं.

"हुतं, वैनी."

तिनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं, आणि पुन्हा गाठोड्याकडं गेली. महिपतीनं खिशातून महिन्याचा पगार काढून घोंगडीच्या कडेला ठेवला. धुळानं तो डाव्या हातानं पुढं सारला.

"ने," तो म्हणाला. "आलास ते बरं केलंस. आता पुन्यांदा यिऊ नगंस."

ते दोघं दुसऱ्या दिवशी वाडीला गेले. धुळाच्या भावाकडं मेंढरं होती. महिपतीनं दोनदा मनीऑर्डर केली; दोन्ही परत आल्या.

गाडी वाचली म्हणावी तर तीही वाचली नाही. त्याच उन्हाळ्यात कापूस आणखी कोसळला. ईश्वरप्पांनी गाठी मिळेल त्या भावाला फुंकल्या आणि आषाढाच्या आत गाडी हैदराबादच्या एका कंत्राटदाराला दिली. नव्या डायनामोसकट जे पैसे आले, ते पहिल्याच दिवशी मोडीत विकली असती तर आले असते त्याहून फार जास्त नव्हते. कंत्राटदाराच्या माणसानं महिपतीला विचारलं, गाडीबरोबर येतोस का. पगार दीडपट देऊ म्हणाला. महिपती नाही म्हणाला. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नाही. त्यानं किल्ली दिली आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतही तो थांबला नाही.

पुढं तो सोलापूर ते अकलूज सर्व्हिस मोटारीवर लागला. जुनी खटारा मोटार, तासाला पंधरा मैल, टपावर कोंबड्या आणि भाजीच्या पाट्या. माढ्याचा फाटा आला की थोरला भाऊ कधीकधी दिसे. अजूनही बोलत नसे. रस्ता मोहोळवरून जायचा, त्यामुळं एक ना एक दिवस काय घडणार हे महिपतीला पहिल्या फेरीपासूनच दिसत होतं, आणि मोहोळ आलं की तो उतारूंकडं बघायचं टाळायचा.

दोन वर्षांनी ते घडलं. मोहोळच्या अलीकडं एका बाभळीखाली दोन माणसं हात करत होती. मोटार थांबली. धुळा होता, खांद्यावर विकायच्या घोंगड्यांची चळत. मागं सोजरबाई, डोक्यावर पाटी. धुळाचे केस पांढरे झाले होते. त्यानं महिपतीला ओळखलं, तोंडावर काही येऊ दिलं नाही, आणि विचारलं, टेंभुर्णीला किती पडतात.

"बसा धुळाबा," महिपती म्हणाला. "तुमच्याकडनं काय घ्यायचंय?"

धुळा चढला नाही. खांद्यावरची चळत त्यानं सोजरबाईच्या हातात दिली, डाव्या हातानं उजव्या कुशीकडचा पैशांचा कसा ओढून पुढं आणला, तो तोंडाशी धरून त्याची गाठ दातानं सोडवली. वेळ लागत होता. मागचे उतारू कुरकुरायला लागले. कुणीतरी म्हणालं, अहो, चढा की, मागनं द्या. महिपती चाकावर हात ठेवून समोर बघत बसला. धुळानं दोन माणसांचं भाडं एकेक नाणं करून मोटारीच्या मडगार्डवर मांडलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग बायकोला आधी चढवून तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

महिपतीनं खाली उतरून नाणी गोळा केली. ऊन चढलं होतं, मडगार्ड तापला होता. नाणी हाताला पोळत होती. त्यानं ती कातडी पिशवीत टाकली, दोन तिकिटं फाडली आणि मागं जाऊन सोजरबाईच्या हातात दिली. तिनं ती घेतली.